तेवीस दिवसांच्या मसऊदसाठी

सिमी वाक्नीन सहावीत माझी विद्यार्थिनी होती. दोन पानांचा निबंध सांगितला की सहा ओळी आणायची, आणि त्यातला एक शब्दही खोडता यायचा नाही. पुढे तिच्या हिब्रू कवितांचे तीन संग्रह निघाले, माहितीपटांमुळे तेल अवीवमध्ये नाव झालं. आमचं वाळवंटातलं येरुहाम गाव मात्र तिने सोडलं नाही.

मेलेल्याच्या घरी विलाप गाणाऱ्या, मोरोक्कोहून आलेल्या आमच्या ज्यू बायकांपैकी एकच उरली होती, नव्वदीची सॉल्तानाआजी. ती गेली की ते विलापही जाणार, कारण कुणी उतरवून घेतलेच नव्हते. सिमीने तिच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला.

"आजी, एक गा ना."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. फिल्मसाठी."

"मढं नसताना गायलं तर घरातलं माणूस जातं. मला सात नातवंडं आहेत. त्यातलं कुठलं देऊ तुला?"

आजीने तिला दारापर्यंत पोचवलं. वर बिस्किटांचा डबाही हातात दिला.

"चुकलं माझं, बाई," सिमी मला म्हणाली. "याच गल्लीत वाढले आणि हे विसरले."

मग चार महिने ती कॅमेरा गाडीतच ठेवून जायची, आजीच्या भाज्या चिरायची. एकदा आईलाही घेऊन गेली. आजी कुसकुससाठी रवा चाळत होती. चहा पिता पिता आई, फ्रेहा, म्हणाली, "माझा एक आहे, सॉल्ताना. मोरोक्कोहून आलो आणि इथे तंबूंच्या छावणीत राहायचो, तेव्हा गेला. तेवीस दिवसांचा. महिन्याच्या आतला, म्हणून धर्माप्रमाणे शोकाला बसू दिलं नाही."

सिमीने हे जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आजीने चाळण खाली ठेवली. "नाव?"

"मसऊद."

आजी डोक्याचा रुमाल आवळू लागली. सिमी जागची हलली नाही. तेव्हा आईच म्हणाली, "बसलीस काय? जा, आण तुझं ते यंत्र. त्याचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

आजी चाळीस मिनिटं गायली, कुठेही अडली नाही.

गावच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा मी फ्रेहाशेजारी होते. त्या विलापावर सिमीने स्वतःचा आवाज घातला नव्हता. खाली फक्त आजीच्या अरबी ओळींचं तिने केलेलं हिब्रू भाषांतर उमटत होतं, आणि माझ्यातल्या मास्तरणीला त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही. शेवटी नावं आली.

"वाचा ना, बाई. चष्मा घरी राहिला," फ्रेहा म्हणाली. साठ वर्षं तिचा चष्मा घरीच राहतोय.

पहिलंच नाव मी मोठ्याने वाचलं, हजेरी घेताना वाचायचे तसं: "मसऊद वाक्नीन."

"आहे," फ्रेहा म्हणाली.