घुशीची पावलं

न्हाणीच्या भिंतीखाली घुशीनं बीळ पाडलं, तसं आमच्या मालकांनी काचा फोडायला घेतल्या. जुन्या बाटल्या पोत्यात घालायच्या अन् वरून बत्ता हाणायचा. बिळात काचा अन् सिमेंट कोंबलं की घूस परत उकरत नाही. भिंतीला भेग पडली होती, म्हणजे त्यांचंही काही चूक नव्हतं.

पण मी परसात भांडी घासताना रोज तिला बघत होते. मांजराएवढं धूड, पोट लोंबलेलं, आचळं भरलेली. आत पिल्लं होती, दुसरं काय! नांदेडच्या नातीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणती, "आजी, जगातला सगळ्यात मोठा उंदीर लांब कुठल्यातरी बेटावरच्या जंगलात असतो. आपली घूस काहीच न्हाई त्याच्यापुढं!"

"असू दे बाई. आपली बाळंतीण हाय, तिचं बघ आधी."

मिस्त्री आला तो नेमका महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. मी आडवीच आले. म्हटलं, "तीन दिवस थांब रे बाबा. पुढं महालक्ष्म्यांची लेकरं सजवून बसवायची अन् मागं हिची जित्ती गाडायची का?"

मालक म्हणाले, "हळदी-कुंकवाला बोलावतीस काय तिला?"

"बोलावलं तर तुमच्या बहिणीपरीस लवकर येईल!"

मिस्त्री हसला. "तीन दिवसानं येतो काकू. पण मंग न्हाई थांबणार, भिंत बसंल."

सणभर हात पुरणात अन् जीव परसात. पिल्लं तिथंच राहिली, तर मिस्त्रीला काय सांगणार होते मी?

आमच्याकडं महालक्ष्म्या परसातल्या तुळशीपासून घरात आणतात. तुळशीपासून पडवीतून पार देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढायची. ती पावलं बोळवण होईस्तोवर कुणी झाडायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक तोंड धुवायला पडवीत गेले, ते तिथंच उकिडवे बसले. "अगं ए, माझा चष्मा आण."

रांगोळीत पंजे उमटले होते. पुढं मोठे, अन् त्यांच्या मागं बारके बारके, एकात एक मिसळलेले. लक्ष्मीची पावलं आत येत होती अन् ही न्हाणीकडून बाहेर चालली होती, शेजारच्या मोकळ्या प्लॉटाकडं. मालकांनी न शिवता बोट फिरवत शेवटपर्यंत बघितलं.

"माघारी आलेलं एकबी दिसत न्हाई," म्हणाले. "चालाय लागली की गं पिल्लं."

मिस्त्री आला. मालकांनी आधी बिळाला कान लावला, बांबू घालून हळूच चाचपलं, मग काचांचं पोतं त्याच्याकडं सरकवलं.

सांजच्याला बोळवण झाली. मी केरसुणी घेतली, तर म्हणाले, "राहू दे गं आजच्याला." अन् नैवेद्याची पुरणपोळी धोतराच्या सोग्याखाली झाकून प्लॉटाकडं गेले. मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. मला दिसलं न्हाई, असंच वाटू दिलं त्यांना.