शटरची पाच पाती

हिंदी मुलखातल्या बूढापारा वस्तीत हरिदासला कॅमेऱ्याचा डॉक्टर म्हणत, आणि त्यालाही ते खरंच वाटे. रेल्वेत नोकरी असतानाच त्यानं घरी टेबल मांडलं होतं. उघडलेल्या शटरचा एकेक भाग तो स्टीलच्या ताटात निघाला त्या क्रमानं ठेवी. त्या ताटाला घरात कुणी शिवायचं नाही, मुलीनं तर नाहीच. क्षमा लहानपणी दारात उभी राहून टक लावून बघे. ‘बाईच्या हातात शटर देऊ नये,’ असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगे. शिकवलं ते मुलाला. चारुदत्तचं मन कधी लागलंच नाही. तो पुण्याला गेला तो गेलाच.

आता हरिदासचे हात कापू लागले. शटरची पाच पाती कागदाहून पातळ. शेवटचं पातं पहिल्याखाली सरकवताना चिमटा थरथरला की सगळी विस्कटतात. दयाराम फोटोवाल्याचा जुना कॅमेरा महिनाभर ताटातच पडला होता. शेवटी हरिदासनं नाक मुठीत धरून मुलीला हाक मारली.

‘क्षमा, मले जमून नाही राहिलं. तू पाय बरं.’

कचेरीतून आलेली क्षमा हात धुऊन बसली. दहा मिनिटांत पाती बसली. बटण दाबलं की शटर उघडे, मिटे. हरिदासचे डोळे भरून आले. आपण केवढा गाढवपणा केला, हे त्याला त्या दिवशी कळलं.

‘उद्यापासून बसशील माह्यासंग?’

‘हव, बाबा,’ ती म्हणाली. चाळिशीची बाई, पण पोरीसारखी खुलली.

दुसऱ्या दिवशी दयाराम आला. ‘माह्या पोट्टीनं बसवलं,’ हरिदासनं तोऱ्यात सांगितलं. दयारामचा चेहरा पडला.

‘भैया, तुम्हीच तं म्हणत होते, बाईच्या हाती देऊ नये. एक बार तुम्ही खोलून पाहून घ्या. मंग नेतो.’

क्षमा बापाकडे बघत होती. गरज नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण जुनं गिऱ्हाईक आणि स्वतःचं नाव, दोन्ही त्याला मुलीपेक्षा जड झाले.

‘ठेवून जा,’ तो म्हणाला. ‘पायतो खोलून.’

दयाराम गेल्यावर क्षमा उठली. हिंदी बाहेरच्यांशी बोलायची; बापाशी ती कधी हिंदीत बोलत नसे.

‘आप ही खोल लीजिए, बाबा,’ ती म्हणाली.

ती पुन्हा त्या टेबलाशी बसली नाही. कॅमेरा तिथंच आहे. हरिदासच्या हातून त्याचा पहिला स्क्रूसुद्धा निघत नाही.