मी त्याले टोकलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळबी नाही. बोलाले गेलो का स्वतःचीच शिसारी येते—तोंडात काहीतरी नासलेलं धरून बसल्यावानी.

भंडाऱ्याजवळ आमच्या कारखान्याच्या कॉलनीत गोल्फचं लहानसं मैदान आहे. मी स्टोअरमधला बाबू, हौसेनं खेळतो. बाजूच्या कारधा गावचा मोरेश्वर त्याच मैदानावर गवत कापाची मशीन चालवे. साहेबांच्या जुन्या स्टिका घेऊन शिकला—अन् काय मारे! पाहून माह्या पोटात दुखे. खोटं कायले बोलू?

एका वर्षी कॉलनीच्या स्पर्धेत फायनलले आम्ही दोघंच उरलो. साहेबांनी मोरेश्वरले शब्द देला होता—जिंकला तर मशीनवरून काढून कोच म्हणून ठेवू. अन् मले काय भेटणार होतं? एक कप. शोकेसमध्ये ठेवाले.

शेवटच्या होलवर तो एका फटक्यानं पुढं होता. समोर बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पाण्यावरून बॉल नेला का संपलं. डोळे मिटून नेत असे तो.

आता आयका. मोरेश्वरले टोकलेलं चालत नसे. घरून निघताना कोणी "कुठं चालला?" विचारलं, का तो परत फिरे, पाणी पिये, घडीभर बसे, मंगच निघे. आपल्याकडं सगळेच पाळतात म्हणा—पण त्याचा जीवच अडके. मी त्याच्या घरी माह्या डोळ्यानं पाहिलं होतं.

तो बॉलपाशी उभा राहिला. श्वास सोडला. अन् मी—हळूच, अगदी मायेनं—म्हटलं, "कुठं चालला, मोरेश्वर?"

बस, एवढंच. नियमात कोण धरन याले? साहेब तर हासले, त्याइले वाटलं गंमत. भर खेळात परत फिरून पाणी प्याले कुठं जागा असते? खांदे आखडले त्याचे. बॉल बोडीत. दुसराबी बोडीत. कप मले भेटला.

चुकून निघालं तोंडातून? नाही. दोन होल आधीपासून तो शब्द मी जिभेवर घोळवून राहिलो होतो. थू!

अन् याच्यावरचा नीचपणा—मंग मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "हा डोक्याचा खेळ असते रे. तुझं मनच कच्चं." त्यानं मान हालवली. पटलं त्याले! त्यानंतर त्यानं स्टिक हाती धरली नाही. अजूनबी गवतच कापते. अन् मी? मी कॉलनीतल्या पोराईले संध्याकाळी शिकवतो—खेळताना मन घट्ट कसं ठेवाचं ते.

परवा मोरेश्वर आपल्या पोरीले घेऊन आला. म्हणे, "भाऊ, हिले तुम्हीच शिकवा. मारते चांगली. पण मन माह्यावानी कच्चं नको राहाले."

हात जोडून उभा होता तो. मी म्हटलं, "सोमवारपासून पाठव."