धुऱ्यावरची बाभूळ

आमच्या बीबी गावच्या एसटी स्टँडवर मी माझ्या लोखंडी पेटीवर बसलो होतो. सोडाले आलेला गणपत पेटीवर पाय ठेवून म्हणाला, "काऊन बे, दोन वर्ग शिकला अन् पुण्याले चालला. नातीले काय शिकवशील, ढेकळं फोडणं?" चहावाल्यासकट सगळा स्टँड हसला. मी म्हणालो, "अक्षर शिकवीन. चांगलं वळणदार. पाहून घेजो." एसटी आली, मी चढलो अन् मागं पाह्यलं नाही. मागं पाह्यलं असतं तर त्याले वाटलं असतं रडून राह्यला.

तर गणपत, हे तुलेच लिहितो. अन् जे आपल्यासारखे पोरापाठी येऊन चौथ्या मजल्यावर अडकले, त्यांनीही वाचावं.

बायको गेली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगा सुनील म्हणाला, "बाबा, आता एकटे राहायचं नाही." वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं. निघताना बटाईवाला विचारत होता, धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या बाभळीची सावली पिकावर पडते, तोडू का? मी रागातच होतो. म्हणालो, तोड, मले काय करायचं आता.

पुण्याचं काय सांगू. इथं माणूस खिडकीतून खाली पाहते अन् त्याले फिरणं म्हणते. शेजारी दारावर कुत्र्याचं नाव लिहितात, माणसाचं लिहीत नाहीत. सून वैशाली आपल्या चिखलीची, पण मी "मले" म्हटलं की पोरीसमोर तिचा चेहरा आंबट होते.

पोरगी म्हणजे ओवी. साडेपाच वर्षांची. शाळेनं सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतर बाईसमोर अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं लिहून दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसवू. घरात सुतक लागल्यासारखं झालं. मग हस्ताक्षराचा क्लास लावला. अक्षराचा क्लास, गणपत. गार हवेच्या खोलीत बाई ठिपक्याठिपक्यांचं अक्षर देते अन् पोरानं ठिपके जोडायचे. घरी टॅब. काचेवर बोट फिरवलं की तो टाळ्या वाजवते. वाकडं फिरवलं तरी वाजवते. असा मास्तर आपल्याले भेटला असता तर मी बी.ए. झालो असतो.

ठिपके असले की ओवीचं अक्षर बरं. ठिपके नसले की अ आडवा पडे अन् ओळ खाली उताराले लागे. मग ती पेन्सिल फेकून पलंगाखाली शिरे.

एक चूक माझीही झाली, कबूल करतो. मी पाटी आणली अन् तिचा हात धरून गिरवू लागलो. मास्तरनं आपल्याले तसंच शिकवलं होतं, बोटं दुखेस्तोवर. हात धरला की अक्षर मोत्यासारखं, सोडला की गेलं. वैशाली म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तिचा बेस बिघडतो." बेस. मी पाटी पेटीत ठेवून दिली.

बाजूले बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथं वाळूचा ढीग. क्लासमधून आणताना ओवी तिथं थांबे. एक दिवस मी तिच्या हातात काडी दिली, म्हटलं ओढ रेघ. तिनं काडीच्या टोकाकडे पाहत ओढली अन् रेघ गेली सापासारखी. तवा माहा बाप कानात बोलला. पह्यल्यांदा तिफण हाती दिली तवा मी बैलाच्या पायाकडे पाहत होतो, तास म्हणजे पेरणीची ओळ वाकडी गेली. बाप म्हणाला होता, "खुराकडे काय पाहतं बे? धुऱ्यावरच्या बाभळीकडे पाह्य. बैल आपोआप सरळ जाते."

मी डोक्यावरची टोपी काढली, चार पावलांवर ठेवली. "काडीकडे पाहू नको. टोपीकडे पाह्य अन् ये." आली. सुतासारखी सरळ.

मग अक्षरं. गोल कुठं पोचायचा तिथं खडा ठेवायचा अन् खड्याकडे पाहायचं. रोज एवढंच. सोसायटीचा सेक्रेटरी आला, "आजोबा, वाळू कामाची आहे." मी म्हणालो, "आमचंही कामच चालू आहे." तो गेला. कामाचं नाव काढलं की ही माणसं जातातच.

वहीवर आलो तवा ओळीच्या टोकाले चिंचोका ठेवू लागलो. पेटीच्या कोपऱ्यात आपल्याकडचे चार-दोन निघाले. शाळेत दाखवायच्या दिवशी ओवीनं एक चिंचोका मुठीत नेला, ओळीच्या टोकाले ठेवला अन् ज्ञ पर्यंत पोचली. बाईनं विचारलं हे काय. म्हणे, "इकडे बघायचं असतं."

संध्याकाळी सुनील पेढे घेऊन आला. म्हणाला, "शेवटी क्लास लागू पडला." वैशालीनं क्लासच्या बाईले फोन करून आभार मानले. मी पेढा खाल्ला. बरा होता, खवा कमी. ज्यानं तास सरळ पाडला त्यानं धुऱ्यावर उभं राहून ओरडायचं नसते.

ओवी मात्र वही घेऊन माझ्याजवळ आली. "आबा, तुम्ही चालताना कुठं बघता?"

"आपल्या वावरातल्या बाभळीकडे."

"ती तर दिसत नाही इथून."

"मले दिसते."

तिनं गॅलरीत जाऊन टाचा उंच केल्या, पाह्यलं अन् परत येऊन म्हणाली, "मले पण." वैशालीनं आतून ऐकलं असेल.

म्हणून गणपत, पत्र हाती पडलं की आधी वावरात जाय. बटाईवाल्याले सांग, सावलीखालचं पीक जाते तर जाऊ दे, बाभळीले कुऱ्हाड लावायची नाही. तोडली असेल तर मले कळवू नको.

अन् स्टँडवर हसले त्या सगळ्यांना हे वाचून दाखव. खाली माझं नाव मी नाही, ओवीनं लिहिलं आहे. ओळ सरळ आहे का पाह्य.