बैनो म्हणा

ब्रिन एथिन शेतावरच्या लौरीला अख्खं गाव वेडी म्हणायचं, कारण मुलं किती असं कुणी विचारलं की ती शांतपणे सांगायची, "एक." मी एलिन. त्या शेतघरात मी अकरा वर्षं गाईंच्या धारा काढल्या, ओटच्या भाकऱ्या भाजल्या, तिची बाळंतपणं काढली. लौरी वेडी नव्हती. बोलता बोलता माझी जीभ जरा सैल सुटली तर सुटली. रागवायला आता त्या घरातलं कुणी उरलेलं नाही.

तिचा नवरा ग्रिफिथ. चॅपलच्या, म्हणजे आमच्या साध्या प्रार्थनाघराच्या, पंचांपैकी एक, कष्टाळू, देवभीरू आणि हट्टी. त्याचा बाप, म्हातारा एलिस, दिवसभर चुलीपाशी बसलेला. आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतात, आणि ते मूल गेलं तर पुढच्याला पुन्हा तेच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लौरीचा पहिला एलिस अकराव्या दिवशी गेला. दुसरा सात महिन्यांचा होऊन गेला. तिसरा चालायला लागला होता, माझा घागरा धरून गोठ्यात यायचा. तोही गेला.

चौथा मुलगा झाला तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवरूनच लौरी म्हणाली, "ह्याचं नाव बैनो."

बैनो हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना संत. नदीपलीकडून कुणीतरी कुत्र्यांना इंग्रजीत, परक्या भाषेत, हाका मारताना त्यानं ऐकलं, आणि "आता इथे राहण्यात अर्थ नाही" म्हणून चंबूगबाळं उचलून तो इकडे आला, असं आमचे लोक हसत सांगतात. तुटलेली मुंडकी धडावर ठेवून त्यानं मेलेली माणसं उठवली, हे मात्र कुणी हसत सांगत नाही. कानाला जन्मतःच चीर असलेलं वासरू त्याचं मानत; ते घरात ठेवायचं नाही, त्याच्या चर्चला नेऊन द्यायचं. ही चाल माझ्या पणजीच्या काळातली. आम्हा चॅपलवाल्यांना संतबिंत चालत नाहीत.

"खुणेचं वासरू घरधन्याचं नसतं," लौरी नवऱ्याला म्हणाली. "हे पोरही आपलं नाही, बैनोचं. न्यायचं असेल तर मरणानं आधी त्याला विचारावं. एलिसच्या पाळण्याची वाट मरणाला पाठ झालीय."

"माझं नाव इतकं वाईट आहे का गं?" म्हातारा चुलीजवळून ओरडला. "ऐंशी वर्षं वागवतोय की मी."

"तुम्ही सगळ्यांची वर्षं घेऊन बसलात, बाबा."

म्हातारा हसायला गेला आणि चुलीतले निखारे ढोसू लागला. ग्रिफिथ म्हणाला, "बघू." लौरीला वाटलं, तो हो म्हणाला.

चॅपलमध्ये मुलाचं नाव बाप सांगतो. पाद्र्यानं बाळ हातात घेऊन विचारलं, आणि ग्रिफिथनं खणखणीत आवाजात सांगितलं, "एलिस." लौरी माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात असा धरला की तिच्या नखांचे वण दोन दिवस राहिले. तिथे बायका बोलत नाहीत.

पोराला मग दोन नावं झाली. बापाचा एलिस, आईचा बैनो. पोर बिलंदर; भाकरी मागायचं ती दोन, "एक एलिसला, एक बैनोला." आम्ही सगळे हसायचो. लौरी नाही. ग्रिफिथनं शेतातून एलिस म्हणून हाक मारली की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि पोर दिसेपर्यंत तिथेच उभी राहायची. चार वर्षं तिनं अशी काढली.

त्या फेब्रुवारीत गावात घशाची साथ आली. तीन घरांतली मुलं गेली आणि मग आमच्या पोराचा गळा सुजला. पुल्हेलीहून डॉक्टर आला, त्यानं घसा पाहिला आणि काही औषध न देताच माझ्याकडे आपली टोपी मागितली.

लौरीनं मला गुपचूप बैनोच्या विहिरीवर धाडलं. मी ताकाच्या किटलीत पाणी घेऊन पळत आले. ग्रिफिथ दारातच उभा होता. त्यानं किटली घेतली, वास घेतला, पाणी कुठलं ते ओळखलं आणि ते उंबऱ्याबाहेर ओतलं. "माझ्या घरात पोपचे चाळे नकोत," म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता हे मला ठाऊक आहे. तरी त्या ओतलेल्या पाण्याचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही.

"पाणी राहू द्या," लौरी म्हणाली. "तुम्ही त्याला नुसतं बैनो म्हणा. एकदाच. नाव बाप ठेवतो. माझ्या एकटीच्या म्हणण्यानं भागत नाही."

"देव नाव बघून नेत नाही, लौरी."

"मग म्हणायला तुमचं काय जातं?"

"माझा देव जातो."

तिनं जमिनीवर बसून त्याचे बूट धरले. तो पाय सोडवून कोठारात गेला. मी दूध काढायला गेले तेव्हा तिथून त्याचं रडणं ऐकू येत होतं. रडतानाही तो एलिस, एलिस असंच म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा चुलीपासून उठला आणि भिंत धरत धरत खाटेपाशी आला. "ग्रिफ," तो म्हणाला, "काढून घे रे माझं नाव ह्याच्यावरून. माझं आहे ना ते? मीच परत मागतोय."

तेव्हा ग्रिफिथ मोडला. गुडघ्यांवर बसला आणि पुटपुटला, "बैनो." मग मोठ्यानं, "बैनो! ए बैनो, बाळा, इकडे बघ!" पोराचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता, डोळे आढ्याला लागले होते. बाप हाका मारत राहिला. शीळ थांबली, लौरीनं पोराचे डोळे मिटले, आणि तरी तो हाका मारतच होता. शेवटी मी त्याला खांद्याला धरून उठवलं.

वसंतात थडग्याचे दगड कोरणारा घरी आला. स्वयंपाकघरात पाटी गुडघ्यावर घेऊन त्यानं विचारलं, "नाव काय घालू?"

"बैनो," ग्रिफिथ म्हणाला. "बैनो ग्रिफिथ. मोठ्या अक्षरांत." आणि त्यानं बायकोकडे पाहिलं. त्या तीन महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

लौरी पीठ मळत होती. तिनं हात पुसले.

"एलिस घाला," ती दगडवाल्याला म्हणाली. "मेला तो एलिस. ह्यांनी नाव ठेवलं, ह्यांनी पुरला. बैनोचं नाव त्या दगडावर आलं की तोही मेला. माझं तेवढं एकच उरलंय, ते मी कुणाला द्यायची नाही."

ग्रिफिथनं अगदी हळू विचारलं, "मग मी त्याला काय म्हणू, लौरी?"

"तुम्ही एलिसच म्हणा," ती म्हणाली, आणि पुन्हा पिठाकडे वळली.