विहीणबाईंचा कच्चा टाका

आमच्या विहीणबाईंना पृथ्वी घडवायचं काम मिळालं असतं, तर त्यांनी ती आधी पुठ्ठ्याची केली असती. चार शेजारणींना तिच्यावर आठवडाभर राहायला पाठवलं असतं, आपण हनुवटीखाली हात घेऊन समोर बसल्या असत्या, कोण कुठे ठेचकाळतं ते बघितलं असतं, आणि मग ती सगळी उसवून पुन्हा शिवायला घेतली असती. त्या हिशेबाने समुद्र त्यांच्या कळंब्यापर्यंत यायला हवा होता, कारण बायकांना कोकणात जाऊन यायला लांब पडतं. आपल्याला मिळाली आहे ती पृथ्वी विहीणबाईंच्या मते पहिलाच नमुना आहे. घाईघाईत पक्की शिलाई मारून टाकलेली.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. कळंब्याला त्यांचा शिवणक्लास होता. आधी कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून बघायचं, मग पक्की शिलाई, हे कुठल्याही शिवणक्लासात शिकवतात. पण बाकीच्या बाया ते पोलक्यापुरतं ठेवतात. विहीणबाईंनी ते सगळ्या जगाला लावलं. पुढे आमचा पुतण्या इंजिनिअर होऊन आला तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने त्यांना सांगितलं, "काकू, तुम्ही करता त्याला प्रोटोटाइप म्हणतात. आणि लोकांना वापरायला देऊन बघता ना, ते युजर टेस्टिंग." विहीणबाईंनी तोंडातला दोरा तोडला आणि म्हणाल्या, "व्हय? मग कच्चा टाका म्हणायला त्येला काय झालं?"

त्यांचा एक नियम होता. नमुना हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. "कसं झालंय?" हे विचारायचंच नाही. "विचारलं की माणूस खोटं बोलतंय," त्या म्हणत. "त्यातनं पावणं असलं तर हमखास. हात खोटं बोलत न्हाईत. हातांकडं बगायचं." एकदा त्यांनी भाजीवाल्या बायकांसाठी पुढे बांधायचा खिसेवाला एप्रन शिवला, चांगला कप्प्याकप्प्यांचा, आणि मंडईतल्या एका मावशीला बांधायला देऊन सकाळपासून तिच्यासमोर ठाण मांडून बसल्या. मावशी शेवटी ओरडली, "ओ बाई, मेथी घ्या न्हाईतर उठा की! गिऱ्हाईक माझ्याऐवजी तुमच्याकडं बगाय लागलंय!" विहीणबाई हलल्या नाहीत. त्यांनी बघितलं ते एवढंच, की मावशी त्या देखण्या खिशांत लिंबं ठेवते, मिरच्या ठेवते, आणि पैसे घेतले की सवयीने पोलक्यात खुपसते. घरी येऊन त्यांनी एप्रन उसवला आणि पोलक्यालाच आतून खिसा लावला. त्या पोलक्यासाठी पुढे मंडईतल्या बायका कळंब्यापर्यंत चालत येत. रांग लागे.

आमची ओळख झाली ती नव्वद सालानंतरची गोष्ट. नवऱ्याला घेऊन लेकीला बघायला आल्या होत्या. मी तेव्हा शहरातली, राजारामपुरीतली, स्वतःला फार समजणारी बाई. नवी इरकल, केसांत गजरा, पोह्यांवर खोबरं असं पेरलेलं की पोहे दिसू नयेत. वाटलं, आता विचारतील, मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. त्यांनी लेकीकडे एकदा बघून मान हलवली आणि माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "जरा उघडा बगू." पिशवीला काहीतरी नव्या तऱ्हेचा बंद होता. मी तो ओढला, फिरवला, दातांनी धरला. शेवटी बंद तुटून माझ्या हातात आला आणि कोपर लागून पोह्यांची बशी व्याह्यांच्या धोतरावर गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विहीणबाईंचा चेहरा असा उजळला, जणू जत्रेत हरवलेलं पोर सापडलं. "जमलं!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हेच घर!"

मला वाटलं, लेक पसंत पडली. ती पडलीच होती. पण पहिल्यांदा पसंत पडले होते मी. त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी त्यांचं बोलावणं येऊ लागलं. "विहीणबाई, जरा येऊन जावा, एक वस्तू बगायची हाय." मी फुगले. आमच्या ह्यांना म्हणाले, "बघा, माझ्या आवडीनिवडीला मान आहे म्हटलं." हे पेपरातून डोकं न काढता "हूं" म्हणाले. लग्नाआधीचे ते महिने मी स्वतःला सल्लागार समजून सिटी बसने कळंब्याला जात होते. खरं कारण कळायला वेळ लागला. एक दिवस त्यांची शेजारीण विहीणबाईंना विचारत होती, "ह्यास्नीच का बोलावता ओ सारखं?" आणि विहीणबाई खणखणीत आवाजात सांगत होत्या, "अवं, ह्यांच्याइतकं धांदरट माणूस जिल्ह्यात न्हाय. ह्यास्नी जमलं की समद्या दुनियेला जमलं!" मी पडद्याआड उभी होते. हातात कप होता. तो पडला, हे वेगळं सांगायला नको.

पण त्या वस्तू कशासाठी चालल्या होत्या, ते कळल्यावर माझा राग विरघळला.

आमचे व्याही म्हणजे पंगतीचे राजे. कळंब्यात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, वाढायला हेच. एका हातात रश्श्याची बादली, दुसऱ्या हातात पळी, आणि आवाज असा की शेवटच्या पानावरचा माणूस नको म्हणायच्या आत घाबरून हो म्हणे. "अरं, लाजतोस कशापायी? घे की! बायकोनं बगितलं न्हाय!" माझ्या लेकीला बघून गेल्यावर महिन्याभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं आलं, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच. डाव्या हाताने जेवताना भात ताटाबाहेर जाई, वाटी सरके, भाकरी तुटता तुटत नसे. ते खोलीचं दार लावून एकटे जेवू लागले. आणि एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "पोराच्या लग्नाला येतो. अक्षता टाकतो. पर पंगतीला बसणार न्हाय."

ज्याने अख्ख्या गावाला जेवू घातलं, तो स्वतःच्या पोराच्या लग्नात उपाशी परत येणार. विहीणबाईंना हे सोसवेना. त्यांनी एका हाताने जेवायचं ताट करायला घेतलं.

पहिलं ताट रंगीत टीव्हीच्या खोक्यातून निघालं: स्टीलच्या थाळीला पुठ्ठ्याची उभी भिंत, म्हणजे भात तिला टेकवून उचलता येईल. माझा उजवा हात ओढणीने पाठीशी बांधला गेला आणि पुढ्यात तांबडा रस्सा आला. पुठ्ठा रस्सा प्याला आणि माझ्या मांडीवर निजला. दुसरं ताट कुंभाराकडून आलं, मातीचं, इतकं जड की ते उचलायलाच दोन हात लागत. तिसऱ्याला पत्र्याची भिंत, कथलाचा डाक लावून बसवलेली. तिने बोट कापलं. चौथं लाकडी, भाकरी अडकवायला मध्ये खुंटी असलेलं. खुंटीत माझ्या बांगड्या अडकल्या आणि ताटासकट मी उठले. शेजारीण, होणारे जावई, त्यांची आत्या, सगळ्यांचे हात पाठीशी बांधून जेवणं चालली होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, कळंब्याच्या जेलातली पंगत इकडेच भरली आहे. विहीणबाई समोर हनुवटीखाली हात घेऊन बसलेल्या. एक शब्द नाही. मी साडी खराब झाली म्हणून रडकुंडीला आले की म्हणत, "झ्याक! आता कळलं कुठं चुकलं."

शेवटचं ताट खरंच सुरेख झालं. एका बाजूला आत वळलेली भिंत, वाटी पक्की बसवलेली, काठाला एक खाच, पुरी तिच्यात दाबून धरली की एका हाताने तुटावी, आणि बुडाला सायकलच्या ट्यूबचं कडं, म्हणजे ताट सरकू नये. त्या ताटात मी डाव्या हाताने सबंध जेवले आणि एक शीतसुद्धा सांडलं नाही. विहीणबाईंनी माझा पापा घेतला.

त्यांनी ते ताट व्याह्यांपुढे ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी डाव्या हाताने काठ चाचपला, खाच बघितली, ताट ढकलून बघितलं. "चांगलं केलंयस," ते म्हणाले. मग ताट हळूच परत सरकवलं. "पंगतीत समद्यांची ताटं एकसारखी, आन् माझंच तेवढं येगळं. लोक आधी ताटाकडं बगणार, मग हाताकडं. त्यापरीस उपाशी बरा."

विहीणबाई उठून ओट्याशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून ताट पुसायला लागल्या. मी जवळ गेले. तशा म्हणाल्या, "ताट बरोबर झालं, विहीणबाई. पंगतीला कच्चा टाका घालायचा राह्यला."

लग्नाचा दिवस आला. विहिणीची पंगत म्हणजे मुलीच्या आईची परीक्षा. मी जयसिंगपूरच्या माहेरून, चुलत्यांकडून, मामींकडून मागून मागून चांदीची ताटं जमवली होती, रांगोळीच्या महिरपी काढल्या होत्या. आयुष्यात एकदा तरी लोकांनी तोंडात बोट घालावं म्हणून. विहीणबाई आल्या, पाटासमोर उभ्या राहिल्या आणि बसेनात. मांडवात कुजबुज: विहीण रुसली! आमचे हे पांढरेफटक पडले. माझा भाऊ पैठणी घेऊन धावला. विहीणबाईंनी ती बाजूला केली. रुसलेल्या विहिणीला हवं ते मागायचा हक्क असतो, आणि त्यांनी तो मागितला. "साडी नगं. मला ही चांदी नगं. पोरा, ती गोणी आण."

गोणीतून आमची सगळी ताटं निघाली. मातीचं, पत्र्याचं, लाकडी, पुठ्ठ्याचंसुद्धा नवी भिंत लावून. फसलेली सगळी, आणि शेवटचं जमलेलंही. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला एका क्षणात सगळं समजलं. मी ज्यांच्यासाठी चार गावं पालथी घातली होती ती चांदीची ताटं मीच गोळा केली. नेताना अर्धी पाडली. तो आवाज बँडवाल्यांनाही साधला नसता. परत आले आणि पत्र्याचं, बोट कापणारं ताट घेऊन व्याह्यांच्या मोकळ्या पाटाशेजारी बसले. आत्याबाईंनी मातीचं घेतलं. नवऱ्यामुलाने खुंटीचं. विहीणबाईंनी पुठ्ठ्याचं, आणि खाचेचं शेवटचं ताट व्याह्यांच्या मोकळ्या पाटापुढे मांडलं. एका पंगतीत एका ताटाला दुसरं ताट सारखं नाही.

व्याही मांडवाच्या खांबाशी फेटा सावरत निघायच्या तयारीत उभे होते. त्यांनी ही पंगत बघितली. ओठ हलले. "खुळी हाय ही बाई," ते म्हणाले, आणि येऊन बसले.

वाढपी दबकत आला. व्याह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं पहिलवान दुसऱ्याच्या आखाड्याकडे बघतो. "अरं, पळीनं वाढतोस का चमच्यानं? हिकडं भात आण! विहीणबाई, लाजता कशापायी? घ्या की!" तो आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला आणि कळंब्याहून आलेली सगळी माणसं जेवता जेवता थांबली. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

एक गोष्ट फक्त मी बघितली. आयुष्यभर लोकांच्या हातांकडे बघणाऱ्या विहीणबाईंनी त्या दिवशी नवऱ्याच्या हाताकडे एकदाही बघितलं नाही. मान खाली घालून पुठ्ठ्याच्या ताटातला मठ्ठा आवरत बसल्या. म्हणून मी बघितलं. व्याह्यांनी पुरी खाचेत दाबली, तोडली, घास केला. काही सांडलं नाही. माझ्या शालूवर मात्र जिलेबीचा पाक होता, आणि असा मानाचा डाग मी दुसरा मिरवला नाही.

व्याह्यांनी त्यानंतर कैक पंगती गाजवल्या. आता ते नाहीत. क्लासही नाही. नातवंडं मोठी झाली, आणि माझा हात थरथरायला लागला. ही बातमी कळंब्याला पोचली तशा विहीणबाई बसने आल्या, पिशवीतून दोन कानांचा कप काढला, चहा ओतला, आणि समोर बसल्या. हनुवटीखाली हात. एक शब्द नाही.

दोन-तीन खेपांत कप इतका चांगला झाला की थेंब सांडेना. मग मी पाहिलं, त्यांनी पिशवी आवरायला घेतली आहे, आणि आता पुन्हा यायला काही कारण उरलेलं नाही. मी मनगट जरासं वाकडं केलं. चहा बशीत गेला. विहीणबाई खूश. "हितं चुकतंय व्हय! थांबा, पुढच्या आठवड्यात दुसरा आणते."

हात खोटं बोलत नाहीत, असं त्या म्हणतात. माझा बोलतो. आणि मला वाटतं, त्यांना ते माहीत आहे.