हिरवा ठिपका

बाजारात त्यांना सगळे सिग्नलकाका म्हणत. लॅपटॉप दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण लॅपटॉपच्या पोटात सिमकार्ड चालवून देणारे हे एकटेच. मागचं झाकण उघडायचं, मोबाईल नेटचं इवलंसं कार्ड खाचेत बसवायचं, अँटेनाच्या दोन बारीक तारा त्याला जोडायच्या, की लॅपटॉप कुठेही न्या, नेट चालू. फोनवरूनही नेट घेता येतं की, असं कुणी म्हणालं तर काका चष्म्यावरून असे बघत, जणू त्यांचं खानदान काढलंय. पुढे सगळे लॅपटॉप जन्मतःच सिम घेऊन येतील, हे त्यांचं पालुपद होतं. लोक मान डोलवत आणि आपला चार्जर घेऊन जात.

काकूंचं हृदय नाजूक होतं. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, म्हणून त्या घरी बसून छापखान्याची मुद्रितं लॅपटॉपवर तपासत. दुकानातल्या पडद्यावर काकांनी गप्पांची खिडकी कायम उघडी ठेवलेली असे. तिच्यात काकूंच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की काकांच्या जिवाला स्वस्थता.

पण घरचं नेट म्हणजे आनंदीआनंद. ते वरचेवर जाई, ठिपका राखाडी होई आणि काका फोन लावत बसत. काकूंचा फोन नेहमी उशीखाली, त्या कशाला उचलतायत! मग अर्धं शटर ओढून काका धापा टाकत घर गाठत. काकू आपल्या ठणठणीत.

"नेट गेलं म्हणजे मी मेले नाही हो," त्या म्हणत. "आलाच आहात तर चहा घेऊन जा."

चहाबरोबर त्या मुद्रितांतल्या एकेक गमतीदार चुका वाचून दाखवत, आणि काका नेटवाल्यांना शिव्या घालत परत येत.

गिऱ्हाइकं मात्र कुरकुरायला लागली. शेवटी काकांनी आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं कार्ड काकूंच्या लॅपटॉपला बसवलं आणि तो कधी झोपणारच नाही अशी सोय करून ठेवली. ठिपका जो हिरवा झाला तो झालाच. काका गड जिंकल्यासारखे बाजारभर सांगत फिरले.

एकदा ताट वाढताना काकू म्हणाल्या, "आता नेट जात नाही, आणि तुम्हीही येत नाही."

काकांना वाटलं, ही कार्डाचं कौतुक करतेय. ते खूश होऊन हसले.

त्या दिवशीही ठिपका हिरवागार होता. काका संध्याकाळी घरी गेले तर काकू खुर्चीतच होत्या, मान खाली, हात कीबोर्डपाशी. सकाळीच गेल्या असाव्यात, डॉक्टर म्हणाले. दुपारभर काका त्या ठिपक्याकडे बघत निवांत स्क्रू पिळत बसले होते.

लॅपटॉप त्यांनी बंद केला नाही. लेकीने दोनदा सांगून पाहिलं, मग तिने नाद सोडला.

यथावकाश काकांचं भाकीत खरं ठरलं. नवे लॅपटॉप सिम पोटात घेऊनच येऊ लागले, सगळं पक्कं डकवलेलं. उघडायला काही उरलं नाही आणि काकांकडे येणारेही कमी झाले. एक बाई असाच नवा लॅपटॉप घेऊन आली. वडील एकटे राहतात, तेव्हा हा अजिबात बंद पडणार नाही असं करून द्या, म्हणाली. काकांनी सगळं लावून दिलं, तेवढं एक सोडून.

"पडू दे बंद," ते म्हणाले. "बंद पडला की तू जाशील."

बाईला ते म्हातारपणाचं काहीतरी वाटलं असावं.

पुढे कंपनीने जुनं नेटवर्क गुंडाळायचं ठरवलं. काकूंचं कार्ड त्याच नेटवर्कवर चालायचं. सूचना बरेच दिवस येत होत्या, काका त्या न वाचताच पुसत राहिले.

एका सकाळी ठिपका राखाडी झाला. काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला, शटर ओढलं गेलं, आणि कोपऱ्यापर्यंत धावल्यावर त्यांना आठवलं. तिथे ते क्षणभर थांबले. पण मागे फिरले नाहीत.

जिने चढून त्यांनी कुलूप काढलं. लॅपटॉप चालूच होता, फक्त कोपऱ्यातल्या सिग्नलवर फुली आली होती. काका समोरच्या खुर्चीत बसले.

"आलो गं," ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.